झाकणं भिरकावणाऱ्या मुलीसाठी खेळणी

नवी मुंबईतल्या घणसोलीहून एका बाबांनी विचारलंय: "मुलगी वीस महिन्यांची आहे. आम्ही दोघंही नोकरीला, दिवसभर माझी आई तिला सांभाळते. दुकानातले लाकडी संच परवडत नाहीत, म्हणून रविवारी व्हिडिओ बघून घरीच खेळ केला. पुठ्ठ्यावर लाल, पिवळे, निळे, हिरवे गोल रंगवले आणि पाण्याच्या बाटल्यांची रंगीत झाकणं त्या त्या गोलावर ठेवायची. तिने पाच मिनिटांत सगळी झाकणं सोफ्याखाली भिरकावली आणि रिकाम्या खोक्यात जाऊन बसली. तिचं लक्ष लागत नाही का? आईचे गुडघे दुखतात, दिवसभर वाकून पसारा उचलणं तिला जमत नाही. घर वन बीएचके. कमी खर्चात काय करता येईल?"

तिचं लक्ष छान लागलं होतं. तुम्ही मांडलेल्या खेळात लागलं नाही, एवढंच. फेकणं आणि खोक्यात बसणं ही तिने स्वतः शोधलेली दोन कामं होती आणि दोन्ही तिच्या वयाला शोभणारी. रंग जुळवायला मुलं साधारण दोन-अडीच वर्षांची झाल्यावर लागतात आणि रंगांची नावं बिनचूक सांगणं बहुतेकांना तीन-चार वर्षांच्या आसपास जमतं. तुमचा खेळ चांगला आहे, फक्त काही महिने आधी आलाय. ठाण्यात नौपाड्यातल्या दोन खोल्यांत मी सत्तावीस वर्षं बालवाडी चालवली. पहिली चार-पाच वर्षं माझंही असंच व्हायचं. रात्र रात्र जागून कात्रणं चिकटवायची, आणि सकाळी मुलं खडूच्या रिकाम्या डब्यावर तुटून पडायची.

म्हणून काही बनवायच्या आधी दोन दिवस नुसतं बघा. फ्रिजवर एक कागद लावा आणि आईंना सांगा, पोरगी जे पुन्हा पुन्हा करते ते एका शब्दात लिहायचं. या वयाची मुलं काहीतरी कशाततरी टाकत असतात आणि परत काढत असतात. नाहीतर झाकणं उघडतात, खुर्ची ढकलतात, वस्तू फेकतात, लपवतात, रचून पाडतात. साधारण एवढंच. एखादं मूल महिनाभर फक्त टाकत-काढत राहतं, दुसरं सगळं घर ढकलत सुटतं. कागदावर जो शब्द चार वेळा आला, त्याच कामाचं खेळणं करायचं. आपल्याला काय शिकवायचंय तिथून सुरुवात केली की खेळणं माळ्यावर जातं.

आता थोडं दरडावून सांगते. ती बाटल्यांची झाकणं आजच तिच्या हाताला लागणार नाहीत अशी ठेवा. पाण्याच्या बाटलीचं झाकण साधारण तीन सेंटीमीटरचं असतं. तीन वर्षांखालच्या मुलांची खेळणी तपासायला प्रयोगशाळेत जी नळी वापरतात, तिचा व्यास ३.१७ सेंटीमीटर असतो. त्या नळीत जे पूर्ण मावतं ते मुलाच्या घशात अडकू शकतं, असा तो हिशोब. चेंडूसारख्या गोल वस्तूंना तर आणखी कडक माप आहे, जवळपास साडेचार सेंटीमीटर. टेबल टेनिसचा चेंडू ४ सेंटीमीटरचा असतो, म्हणजे तोसुद्धा नापास. तुम्ही घरीच नळी करा: कंपासपेटीतल्या पट्टीएवढी, म्हणजे १५ सेंटीमीटर लांब आणि सहा-सात सेंटीमीटर रुंद जाड कागदाची पट्टी घ्या, गोल वळवा आणि टोकं एक सेंटीमीटर एकमेकांवर चढवून चिकटवा. आतला व्यास साडेचारच्या आसपास येतो. नळीतून जे खाली पडलं ते तिला द्यायचं नाही, मग ते कितीही गोड दिसो. ही नळी आईंच्या हाताशी ठेवा, कारण घरातल्या शंभर वस्तूंचा निर्णय दिवसा त्यांनाच घ्यायचाय.

माझ्या बालवाडीत एका अडीच वर्षांच्या मुलाने चिंचोका नाकात घातला होता. मोजायला म्हणून मीच आणले होते आणि बशीभर चिंचोके मांडून दोन मिनिटं दारात कुणाच्या आईशी बोलत उभी राहिले. त्याने सांगितलं नाही, आम्हाला कळलं नाही. दुसऱ्या दिवशी नाक सुजून वास यायला लागला, तेव्हा डॉक्टरांकडे नेलं. बी ओलाव्याने फुगते आणि घट्ट बसते, चिमट्याने काढायला गेलं तर आणखी आत सरकते. त्या दिवसापासून चिंचोके, राजमा, सागरगोटे, मणी, बटणं हे सगळं माझ्याकडे साडेतीन वर्षांनंतरच, आणि तेही मोठं माणूस शेजारी बसलेलं असताना.

तर आता गल्ला, म्हणजे भोकातून वस्तू आत टाकायची बरणी. टाकणं-काढणं ज्यांचं चाललंय त्यांच्यासाठी याच्यासारखं खेळणं नाही आणि तुमच्या मुलीला मी पहिलं हेच देईन. मऊ प्लास्टिकचं झाकण असलेली रुंद तोंडाची बरणी घ्या. पत्र्याचा डबा नको, त्याची कड आतून कापते आणि मूल हात घालणारच. टाकायला मोठ्या बरण्यांची झाकणं घ्या, किंवा वीस लिटरच्या पाण्याच्या जारची. सोसायटीत कुणाकडे तरी ती मिळतातच. घेतल्यावर गरम पाण्याने आणि साबणाने धुवायची, उन्हात वाळवायची, नळीत घालून बघायची. सात-आठ पुरेत. बरणीच्या झाकणाला आधी मोठं गोल भोक पाडा, झाकणं सहज आत जातील एवढं. चार दिवसांनी दुसरं झाकण करा आणि त्याला फक्त फट ठेवा. आता झाकण आडवं धरून चालत नाही, मनगट फिरवून उभं करावं लागतं. हे फिरवणं पहिल्यांदा जमतं तेव्हा मुलाचा चेहरा बघा. पुढे पेन्सिल धरणं आहे, शर्टाचं बटण लावणं आहे, पण त्याची तिला काही पडलेली नसते. तिला "टक्" असा आवाज हवा असतो. म्हणून बरणीच्या तळाशी कापड घालू नका. आवाज हेच तिचं बक्षीस. भोकाच्या कडा पॉलिशपेपरने घासून घ्या आणि स्वतःच्या ओठावरून फिरवून बघा. बोटाला जी टोचत नाही ती कड ओठाला कळते.

फट जमली की बरणी आडवी ठेवून द्या. तेच झाकण, तीच फट, पण आता उभ्या भिंतीत टाकायचं. बहुतेक मुलं एक-दोन दिवस गोंधळतात. मदत करू नका. आईंना विशेष सांगा, कारण आजीचा हात आपसूक पुढे जातो.

फेकण्याचं काय? फेकणं बंद करायच्या भानगडीत पडू नका. फेकायला योग्य वस्तू आणि योग्य जागा द्या. जुने मोजे एकात एक घालून बोळे करा, किंवा शिंप्याकडच्या चिंध्यांचा चेंडू शिवून घ्या. धुण्याची बादली किंवा टोपली भिंतीशी ठेवा आणि जमिनीवर टिकलीपट्टीने एक रेघ मारा. म्हणजे रंगीत चिकटपट्टी हो, आमच्या बालवाडीतल्या मावशी तिला टिकलीपट्टीच म्हणायच्या. बोळे रेघेपासून टोपलीत. पहिल्या दिवशी रेघ एका हातावर, मग हळूहळू मागे. मोजा फेकला की टीव्ही फुटत नाही आणि खालच्या मजल्यावरून तक्रारही येत नाही. "हे फेकायचं, ते नाही" हे तिला सांगता येतं. नुसतं "नाही" कळून घ्यायला ती अजून लहान आहे.

खोक्यात बसली ना, ते खोकं टाकू नका. किराणा दुकानातून आणखी एक मोठं मागून घ्या, त्यातल्या स्टेपलच्या पिना पकडीने उपटा आणि तळाशी रद्दी भरून जड करा. वीस महिन्यांच्या मुलांना जड ढकलायला फार आवडतं आणि दमल्यावर ती शांतही होतात. हलकी बाबागाडी ढकलताना गाडी पुढे पळते आणि मूल तोंडावर पडतं, जड खोकं तेवढं पळत नाही. याच खोक्याला चार छोटी दारं कापून आत फोटो लावले की उघडझापीचा खेळ तयार होतो.

आता उतरंड. आपल्याकडे मडक्यांवर मडकी रचलेली उतरंड होती, म्हणजे हे खेळणं आपल्या स्वयंपाकघरात आधीपासूनच आहे. इटलीच्या बालशिक्षणतज्ज्ञ माँटेसोरीबाईंचा गुलाबी मनोरा तुम्ही बघितला असेल: दहा ठोकळे, सगळ्यात लहान एक सेंटीमीटरचा आणि सगळ्यात मोठा दहाचा. तो चांगल्या लाकडात, मापात करून घ्यायचा तर पैसे पडतात, आणि त्यातले सगळ्यात लहान ठोकळे तुमच्या मुलीच्या वयाला नळीत नापास. त्याऐवजी घरातले स्टीलचे डबे घ्या, एकात एक बसणारे चार-पाच, झाकणांशिवाय. उलटे करून रचायचे, सरळ करून एकात एक बसवायचे. दीड वर्षाचं मूल तीन-चार रचतं, दोन वर्षांचं सहाच्या आसपास. रचण्यापेक्षा पाडण्यात तिला जास्त रस असणार, तर पाडू द्या. आवाज सहन होत नसेल तर खाली सतरंजी. मात्र घरात वापरातले डबे दिलेत तर ते तिचेच होतात, हे आईंना आधीच सांगा. नाहीतर संध्याकाळी मेथीदाण्याच्या डब्यावरून भांडण. ठाण्याला येणं झालं तर जांभळी नाक्याच्या बाजाराकडे चक्कर मारा. भांड्यांच्या दुकानात हातात घेऊन एकात एक बसवून बघता येतं, ऑनलाइन ते जमत नाही.

हे सगळं मी माझ्या डोक्याने काढलं असं समजू नका. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला आणि नंतर कोसबाडला हेच केलं. दोन्ही गावं तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होती, २०१४ पासून पालघरमध्ये. माँटेसोरी पद्धतीची साधनं महाग, आदिवासी पाड्यांवर ती कोण नेणार? मग शिंपले, खडे, बिया, पानं, माती, जे अंगणात सापडेल त्यातून साधनं झाली आणि शाळाच मुलांच्या अंगणात गेली. अंगणवाडी हा शब्द त्या कामातून आला. ताराबाईंच्या सहकारी अनुताई वाघ शेवटपर्यंत तिथेच राहिल्या. बालवाडीच्या सुरुवातीच्या दिवसांत मी एकदा कोसबाडला गेले होते. टेकडीवर उभी राहिले आणि आपल्या कपाटातल्या महागड्या, कुलपातल्या साधनांची मला लाज वाटली. मुलं बिघडवतील म्हणून ती कुलपात, आणि कुलपात म्हणून निरुपयोगी. स्वस्त खेळण्याचा खरा फायदा पैशांत नाही. ते तुटलं तर आपल्या कपाळावर आठी येत नाही आणि मुलाला ते लगेच कळतं.

आईंना एक काम द्या, ते त्यांना तुमच्यापेक्षा चांगलं येत असणार: स्पर्शाची गोधडी. हातरुमालाएवढे सात-आठ तुकडे एका चादरीवर घट्ट शिवायचे. खणाचा, टर्किश टॉवेलचा, गोणपाटाचा, जुन्या नऊवारीच्या काठाचा, मांजरपाटाचा, एखादा स्वेटरचा. टिकल्या, मणी, सुटणारी जर, असलं काहीही नको. या गोधडीवर ती लोळेल, बोटं फिरवेल, आणि आजी म्हणेल, "हे खरखरीत, हे मऊ. ही माझ्या लग्नातली साडी." खरखरीत, गुळगुळीत, मऊ, जाड हे शब्द पुस्तकातून येत नाहीत, हाताखाली काहीतरी असताना येतात.

शब्दांवरून आठवलं. माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त वापरलं गेलेलं आणि सगळ्यात कमी मेहनतीचं खेळणं म्हणजे फोटोंची वही. चित्रांच्या पुस्तकात सफरचंद असतं, इग्लू असतो, एखादं झेब्रा असतं. तुमच्या मुलीच्या जगात आजी आहे, वॉचमनकाका आहेत, खालचं मांजर आहे, एनएमएमटीची बस, रिक्षा, ट्रान्स हार्बरची लोकल, खाडीवर थंडीत येणारे रोहित पक्षी, कुकर, तिची लाल चप्पल. दहा-बारा फोटो काढा, एका पानावर एकच वस्तू आणि मागे फार पसारा नको. पोस्टकार्डाच्या आकारात छापा, फोटो अल्बमच्या जाड पानांत सरकवा. लॅमिनेशन केलंत तर कोपरे गोल कापा, त्या टोकांनी ओठ चिरतो. एका बैठकीत चार पानं झाली तरी पुष्कळ. "हे काय?" असं दर पानाला विचारत बसू नका, परीक्षा दिल्यासारखं होतं. आपणच बोलायचं: "बस आली. पों पों. बाबा बसमधून गेले." दोन आठवड्यांत ती स्वतः "बाबा गेये" म्हणेल. तिच्या बोबड्या शब्दाला हसून तो तसाच परत म्हणू नका. बरोबर शब्द सहज म्हणून पुढे जा.

बाकीच्या गोष्टी भराभर सांगते. कणकेचा गोळा द्या, पण व्हिडिओत दाखवतात तो मिठाचा नको. त्यात कपभर मीठ असतं आणि या वयात चव घेणारच, एवढं मीठ पोटात जाणं धोक्याचं. साधी कणीक, चमचाभर तेल, रंगाला बीट किंवा पालकाचं पाणी. हळदीचे डाग भिंतीवरून जात नाहीत, तुमची भाड्याची जागा असेल तर विचार करा. गोळा त्याच दिवशी टाकून द्यायचा. पाण्याचा खेळ, परातीत दोन वाट्या आणि गाळणी घेऊन, या वयाला अमृतासारखा. पण पाणी चार बोटंच असलं तरी मोठं माणूस हातभर अंतरावर पाहिजे, आणि फोन वाजला तर मुलाला उचलून घेऊन फोनकडे जायचं. खुळखुळ्याच्या बाटल्या मी आता करत नाही. झाकण गोंदाने चिकटवलं तरी दातांपुढे कधीतरी हरतं. एका वर्षी तांदूळ भरून केल्या होत्या, तर जुलैत त्यात टोके झाले. मुलांना ते तांदळापेक्षा आवडले, ती गोष्ट वेगळी.

पावसाळ्याचं मनात धरूनच पुठ्ठा वापरा. जून ते सप्टेंबर खाडीकडच्या हवेत पुठ्ठा आठवड्यात मऊ पडतो आणि मागून काळी बुरशी येते. तेव्हा स्टील, कापड, धुता येणारं प्लास्टिक. पुठ्ठ्याची कामं दिवाळीनंतर काढा.

घरात काही वस्तूंशी कधीच तडजोड करू नका. बटणासारख्या सेलने घशात दोन तासांत गंभीर भाजू शकतं. बोलणारी कार्डं, रिमोट, छोटे दिवे सगळीकडे तो असतो, म्हणून मागचं झाकण स्क्रूने बंद आहे का बघा. छोटी लोहचुंबकं दोन गिळली तर आतड्यात एकमेकांना ओढतात. फुटलेला फुगा. वितीपेक्षा लांब दोरी. थर्माकोल, त्याचे दाणे सुटतात. फिनाइलच्या आणि औषधांच्या रिकाम्या बाटल्या, कितीही धुतल्या तरी नको. आज जी बाटली खेळणं आहे, तीच उद्या भरलेली सापडली तर ती तोंडाला लावेल. काही अडकलंच तर घशात आंधळेपणाने बोट घालू नका, वस्तू आणखी खाली जाते. एक वर्षावरच्या मुलाला पुढे वाकवून पाठीत दोन खवाट्यांच्या मध्ये तळहाताने पाच ठोसे आणि सोबत आरडाओरडा करून मदत, हे निदान घरातल्या तिघांनाही ठाऊक हवं. कुठल्याही दवाखान्यात बालरोगतज्ज्ञांना करून दाखवायला सांगा. आणि दुकानातून काही घेतलंच तर आयएसआय चिन्ह बघून घ्या, खेळण्यांना ते १ जानेवारी २०२१ पासून सक्तीचं आहे.

आईंच्या गुडघ्यांसाठी माझ्याकडे जुनी युक्ती आहे. जमिनीवर खेळाची एक जुनी चादर अंथरायची आणि खेळणी तिच्यावरच उतरवायची. संपलं की चार कोपरे धरून गाठोडं करायचं आणि ते खुर्चीवर उचलायचं. वाकायचं एकदाच. गोल घरंगळणारं काही असेल तर ते परातीत द्यायचं, काठामुळे सोफ्याखाली जात नाही. आणि उचलण्याचं अर्धं काम पोरीकडेच द्या. टाकण्याचं वेड आहे ना तिला? मग "गल्ल्यात टाक, बरणीत टाक" हा तिला खेळच वाटेल. आणखी वर्षभराने कंटाळा करेल, तोवर तरी फायदा घ्या.

एका वेळी चारच खेळणी बाहेर ठेवायची, बाकी माळ्यावर किंवा पलंगाच्या पेटीत. वन बीएचकेत याने चालण्यापुरती जमीनही उरते. बदल रविवारी, तुम्ही घरी असताना. पण जे खेळणं ती अजून रोज हातात घेते ते बदलू नका, वार कोणताही असो. माझ्याकडे एक मुलगा सलग सात आठवडे गल्ल्यातच टाकत बसला होता. त्याची आई काळजीत पडली, मीही थोडी पडले. आठव्या आठवड्यात त्याने बरणी उचलली, झाकण फिरवून उघडलं, सगळं ओतलं आणि परत कधी तिकडे बघितलं नाही. मग त्याला वेगवेगळ्या मापाच्या चार बरण्या आणि त्यांची झाकणं दिली. कुठलं कुणाला बसतं ते शोधण्यात त्याचा पुढचा महिना गेला.

तुमचा तो रंगांचा पुठ्ठाही टाकू नका. प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटावर ठेवा, मागे तारीख लिहा. दोन-अडीच वर्षांची झाली की मोठी झाकणं घेऊन फक्त लाल आणि पिवळा असे दोनच गोल उघडे ठेवायचे, बाकीचे कागदाने झाकायचे. बाटल्यांची झाकणं मात्र साडेतीननंतरच. तोवर तुम्ही घर बदललं असेल, पुठ्ठा सापडणार नाही, आणि ती स्वतःच कुठूनतरी कपडे वाळत घालायचे रंगीत चिमटे काढून रांगेत लावत बसलेली दिसेल.